मी खोडलेले उत्तर

शिक्षकाचा पेशा सोडून दहा वर्षे होत आली, तरी खिशाला लाल शाईचे पेन लावण्याची माझी सवय काही गेली नाही. वर्तमानपत्र वाचताना हात आपोआप खिशाकडे जातो आणि ऱ्हस्वदीर्घाच्या दोनचार चुकांखाली रेघा ओढल्यावाचून सकाळचा चहा गोड लागत नाही. घरातील मंडळी यावर हसतात; मीही हसतो. परंतु गेल्या दिवाळीत असा एक प्रसंग घडला की, त्या लाल शाईचा जमाखर्च मला प्रथमच स्वतःच्या नावावर मांडावा लागला. तो वाचकांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आमचे कुटुंब मोठे. मिरजगावच्या जुन्या घरात आम्ही दोघे बंधू आपापल्या संसारांसह एकत्र राहतो. सणावाराला पुण्यामुंबईची मुलेनातवंडे जमली म्हणजे माजघरात पाय ठेवावयास जागा उरत नाही. त्यांपैकी थोरल्या बंधूंची नात पुण्यास कोरियन भाषा शिकते. पुण्याच्या आसपास त्या देशाचे कारखाने निघाल्यापासून ही भाषा जाणणारास दुभाष्याचे काम मिळते, म्हणून ती शिकते, असे तिच्या वडिलांचे मत. तिकडच्या मालिका पाहून तिला हे वेड लागले, असे तिच्या आईचे मत. दोन्ही मते खरी असावीत. आता मात्र तिने नुसत्या बोलण्यापलीकडे जाऊन त्या भाषेतील वाङ्मयाचा अभ्यास आरंभिला आहे. २०२४ साली हान कांग या कोरियन लेखिकेस नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा घरचेच कोणी उत्तीर्ण झाल्यासारखा आनंद हिला झाला होता.

पाडव्याच्या दिवशी दुपारची जेवणे आटोपून मी ओसरीवर सुपारी कातरीत बसलो होतो. ही वही घेऊन आली आणि म्हणाली, "आजोबा, 'साहित्य' या शब्दाचा संस्कृतात नेमका अर्थ काय हो?"

आता, मी शिकलो जुन्या अकरावीच्या मॅट्रिकपर्यंत. पण संस्कृत मात्र वडिलांनी घरी बसवून शिकविले. रूपावली, अमरकोश, मल्लिनाथाच्या टीकेसह रघुवंशाचे सर्ग आणि पुढे थोडी कादंबरी, एवढी माझी शिदोरी. तिच्यावर चाळीस वर्षे मी वर्गात आणि घरात पंडित म्हणून मिरवलो. तेव्हा असा प्रश्न म्हणजे मला मेजवानीच होती. शब्द आणि अर्थ यांचे सहितत्व ते साहित्य. अलंकारशास्त्रात हा शब्द काव्याच्या संदर्भात कसा आला. त्याच शब्दाचा 'सामग्री' असा अर्थ होऊन आपण पूजेचे साहित्य कसे म्हणू लागलो, असे मी घटकाभर सांगितले. तिने सारे निमूटपणे लिहून घेतले आणि मग हळूच विचारले, "म्हणजे काव्य, नाटक, निबंध, प्रवासवर्णन, कादंबरी, आत्मचरित्र हे सगळे मिळून एक 'साहित्य', असा जो अर्थ आपण आज घेतो, तो संस्कृतात नव्हता?"

"तसा नव्हता," मी म्हणालो.

"मग तो कुठून आला?"

अडकित्ता माझ्या हातात तसाच राहिला. वर्गात न येणाऱ्या प्रश्नावर 'पुढच्या तासाला पाहू' असे म्हणण्याची आम्हां मास्तरांची एक जुनी युक्ती असते. नातीपुढे ती चालेना.

तेव्हा तीच मला सांगू लागली. कोरियन लोकांना चिनी अक्षरे तशीच, जसे आपल्याला संस्कृत. सेजोंग राजाने पंधराव्या शतकात त्यांना स्वतःची सुलभ लिपी करून दिली, तरी विद्वानांचे लिहिणे कित्येक शतके चिनी अक्षरांतच चालले. पुढे १९१० ते १९४५ पर्यंत त्या देशावर जपानचे राज्य होते आणि युरोपातील विद्या त्यांच्याकडे बहुशः जपानी पुस्तकांच्या द्वारे आली. कित्येक युरोपीय ग्रंथांची कोरियन भाषांतरे मुळावरून नव्हेत, तर जपानी भाषांतरावरून झाली. 'लिटरेचर' या शब्दासाठी जपान्यांनी दोन जुनी चिनी अक्षरे योजली होती. तीच कोरियनांनी 'मुन्हाक' असा उच्चार करून घेतली. त्या अक्षरांचा जुना अर्थ अक्षरविद्या, ग्रंथांचे अध्ययन, असा. यी ग्वांग-सू या तरुण लेखकाने १९१६ साली एक लेख लिहून, साहित्य म्हणजे काय, असा प्रश्न उघडपणे विचारला आणि उत्तरही तितक्याच उघडपणे दिले. आज आपण वापरतो तो 'मुन्हाक' हा शब्द पाश्चात्य शब्दाचे भाषांतर आहे, जुन्या अर्थाशी त्याची गल्लत करू नका, असा त्याचा आशय. पुढच्याच वर्षी त्याची 'मुजॉंग' ही कादंबरी प्रसिद्ध होऊ लागली. ती त्यांची पहिली आधुनिक कादंबरी मानतात.

"आणि कादंबरीला त्यांचा शब्द आहे 'सोसॉल'," ती म्हणाली. "त्याची अक्षरे सुटी केली तर अर्थ होतो 'लहान बोलणे'. चीनमध्ये प्राचीन काळी रस्त्यावरच्या गप्पागोष्टींना विद्वान लोक तुच्छतेने तसे म्हणत. तोच शब्द पुढे कादंबरीला लावला. आपल्याकडे असे काही झाले का, हे मला लिहायचे आहे."

मी म्हणालो, "आपल्याकडे तसे नाही. आपले शब्द संस्कृतातून परंपरेने आलेले." हे वाक्य मी चाळीस वर्षे उच्चारीत आलो होतो, त्यामुळे ते जिभेवर तयारच होते. ती काही बोलली नाही. मुलगी सुशील आहे.

पण वाक्य उच्चारले आणि माझे मलाच ते पोकळ वाटले. त्या रात्री सारे निजल्यावर मी माळ्यावरची पेटी काढली आणि एकेक शब्द मूळ अर्थाशी ताडून पाहू लागलो.

प्रथम 'कादंबरी'च घ्या. सातव्या शतकात हर्षाच्या सभेतील बाणभट्टाने एक गद्यकाव्य रचले आणि ते अपुरे राहिले ते त्याच्या पुत्राने पुरे केले. कादंबरी हे त्यातील नायिकेचे नाव. म्हणजे एका पुस्तकाचे, किंबहुना एका मुलीचे विशेषनाम घेऊन आपण इंग्रजी 'नॉव्हेल'चे सामान्यनाम केले! बंगाली आणि हिंदी लोकांनी त्याच वस्तूसाठी 'उपन्यास' हा शब्द घेतला. गुजरातीत 'नवलकथा' झाली. आपल्या शेजारच्या कानडीत कादंबरी म्हणजे आपल्यासारखीच कादंबरी, पण उपन्यास म्हणजे व्याख्यान. शब्द परंपरेने आला असता तर सर्व प्रांतांत एकच येता. येथे वस्तू आधी बाहेरून आली आणि ज्याने त्याने आपल्या फडताळातून हाताला लागेल तो डबा काढून ती त्यात भरली. अमरकोशात तर कादंबरी हे मद्याच्या नावांपैकी एक म्हणून दिलेले आहे. हे मी सकाळी सांगितले, तेव्हा पन्नास वर्षे दुपारच्या वेळी कादंबऱ्या वाचीत आलेल्या आमच्या वहिनी म्हणाल्या, "तरीच हातातून सुटत नाही!"

'निबंध' हा शब्दही तसाच. हेमाद्रीचा चतुर्वर्गचिंतामणी, कमलाकरभट्टांचा निर्णयसिंधू यांसारख्या धर्मशास्त्रावरील संग्रहांना निबंध म्हणत. त्यांत ग्रंथकाराच्या आवडीनिवडीस जागा नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली 'निबंधमाला' काढली, तिच्यातील निबंध मात्र इंग्रजी 'एसे'च्या जातीचा. शास्त्रीबोवांची इंग्रजांविरुद्धची लेखणी तिखट खरी, पण ती चालविण्याची रीत त्यांनी इंग्रजी ग्रंथकारांपासूनच उचलली होती. डॉक्टर जॉन्सनचे चरित्र त्यांनी त्याच मालेत आदराने लिहिले आहे.

मग 'टीका'. ज्ञानेश्वर महाराजांनी आमच्याच जिल्ह्यात नेवाश्यास शके १२१२ मध्ये गीतेवर टीका सांगितली. तिचे नाव भावार्थदीपिका. टीका म्हणजे मुळावर धरलेला दिवा. मल्लिनाथाची तर प्रतिज्ञाच होती की, मुळात नाही ते लिहावयाचे नाही. आज आपण 'टीका केली' म्हणतो ते दोष काढले या अर्थी. इंग्रजी 'क्रिटिसिझम'ला आपण हा शब्द दिला आणि दिव्याची छडी झाली.

शेवटी व्याकरण काढले, आणि येथे मात्र मी मनातून ओशाळलो. शब्दांच्या आठ जाती मी हजारो मुलांकडून घोकून घेतल्या. त्या आपल्या ऋषींनी ठरविल्या असाव्यात, अशी माझी मुलांइतकीच भाबडी समजूत होती. यास्काचार्यांनी पदांचे चार वर्ग सांगितले: नाम, आख्यात, उपसर्ग आणि निपात. पाणिनीची वाटणी आणखी निराळी. आठ जाती येतात त्या इंग्रजी व्याकरणातून. दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' लिहिले ते इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर. शब्दयोगी, उभयान्वयी, केवलप्रयोगी हे सारे भारदस्त शब्द त्या इंग्रजी चौकटीतील घरे भरण्यासाठी घडविलेले आहेत. फार काय, ज्या पूर्णविरामासाठी मी मुलांचे अर्धे अर्धे गुण कापले, तीही विरामचिन्हे आपल्याकडे मेजर कँडीसाहेबांनी रूढ केली. त्यांपूर्वीचे आपले लिहिणे विरामावाचूनच चालत होते.

यावरून वाचकांनी असे समजू नये की, मी भाषांतराची निंदा करीत आहे. उलट, त्या रात्री भाषांतरकारांविषयी माझा आदर वाढला. १८२८ साली बापू छत्र्यांनी 'बाळमित्र' मराठीत आणले. ते मूळचे फ्रेंच, पण आले इंग्रजीतून. कृष्णशास्त्री चिपळूणकरांच्या अरबी गोष्टी मराठी घरांतून पिढ्यानुपिढ्या वाचल्या गेल्या. त्या बगदादहून निघाल्या आणि लंडनवरून पुण्यास पोहोचल्या. महादेवशास्त्री कोल्हटकरांनी १८६७ साली 'अथेल्लो' मराठीत उतरविला, आगरकरांनी १८८३ साली 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' केले, आणि परशुरामतात्या गोडबोल्यांनी संस्कृत नाटके मराठीत आणली. मोल्सवर्थसाहेबाने शास्त्रीमंडळी हाताशी घेऊन १८३१ साली कोश केला, त्यावाचून आजही आपले चालत नाही. या सर्वांपुढे हजारो कल्पना अशा उभ्या होत्या की, त्यांना मराठीत नाव नव्हते. ज्याला नाव नाही त्याचा विचार करता येत नाही. त्यांनी नावे दिली, म्हणून आपण विचार करू लागलो. कांद्याचे रोप एका वाफ्यात वाढवून दुसऱ्या शेतात लावतात. दुसऱ्या शेतात ते चांगले पोसले तर त्याला कोणी परके म्हणत नाही. इम ह्वा नावाच्या कोरियन टीकाकाराने १९४० च्या सुमारास आपल्या नव्या साहित्याविषयी अशीच, लावणीच्या रोपाची भाषा वापरली होती, असे नात सांगते. पुढच्या पिढीतील विद्वानांनी त्याच्याशी कडाडून वाद घातला, कारण शेताची स्वतःची कस म्हणून काही आहे की नाही, असा त्यांचा प्रश्न होता.

मला तो प्रश्न पुढे फार जवळून भेटला. पण तत्पूर्वी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती आपल्यासारख्या घरांशी निगडित आहे.

पेशवाईत श्रावणमासी विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटीत. राज्य गेल्यावर इंग्रजांनी ती काही अंशी चालू ठेवली, आणि १८५० च्या सुमारास लोकहितवादी प्रभृती मंडळींच्या खटपटीने तिचा एक भाग मराठीत चांगली पुस्तके लिहिणारांस व भाषांतर करणारांस बक्षीस म्हणून देण्याचे ठरले. संस्कृत विद्येसाठी ठेवलेला पैसा देशभाषेतील ज्ञानाकडे वळला, ही गोष्ट फार मोठी झाली. परंतु कोणते पुस्तक 'चांगले' हे ठरवावयास बसले कोण? तेच, ज्यांच्या घरी दक्षिणा येत असे. जोतीराव फुल्यांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' हे नाटक लिहून त्या कमिटीकडे पाठविले. ते नाकारले गेले. पुढे १८८५ साली ग्रंथकारांच्या सभेचे निमंत्रण आले, तेव्हा फुल्यांनी ते पत्र लिहून नाकारले. आमची शब्दसंपत्ती तयार करणारी मंडळी थोर होती, यात संशय नाही. पण त्यांच्या बैठकीस ओटा एकच होता आणि तो उंच होता.

हे मी पूर्वीही वाचले होते. वाचून 'त्या काळची गोष्ट' म्हणून पुस्तक मिटले होते. या वेळी मात्र मिटता येईना, कारण पेटीतील पुस्तकांच्या तळाशी मनाने एक जुनी उत्तरपत्रिका ठेवलेली होती.

१९८५ सालची गोष्ट असेल. मी तेव्हा याच तालुक्यातील एका शाळेत सातवीस मराठी शिकवीत होतो. वर्गात एका मेंढपाळाचा मुलगा होता. त्यांचा वाडा मेंढरांबरोबर हिंडे, म्हणून तो वर्षातील निम्मे दिवस गैरहजर. अक्षर मात्र टपोरे आणि नजर धीट. सहामाहीच्या पेपरात मी प्रश्न घातला होता: 'कादंबरी म्हणजे काय, ते दोन वाक्यांत लिहा.' अपेक्षित उत्तर मी फळ्यावर लिहून दिलेले होते: 'दीर्घ, कथात्मक, गद्य वाङ्मयप्रकारास कादंबरी म्हणतात. हा शब्द संस्कृत आहे.' फळा लिहिला त्या दिवशी हा नव्हता. त्याने आपल्या बुद्धीने लिहिले की, त्यांच्या वाड्यावर त्याची आजी रात्री गोष्ट सांगते. ती तीन रात्री सांगितली तरी संपत नाही. तिच्यात एका राजाच्या पोटी दुसऱ्याची गोष्ट निघते. तिला कादंबरी म्हणावे.

मी त्यावर लाल शाईने आडवी रेघ मारली. दोनपैकी शून्य दिले. बाजूस 'बाणभट्ट!' असा उद्गारचिन्हासह शेरा मारला. इतके करून थांबतो तर पेशाची चूक म्हणून सोडून देता आले असते. पण पेपर वाटताना मी ते उत्तर साऱ्या वर्गास वाचून दाखविले आणि म्हणालो, "यांच्या मेंढरांनीसुद्धा आता कादंबरी लिहावयास घेतली आहे." वर्ग खो खो हसला. मुलगा उभा होता. तो रडला नाही. खाली बसला, आणि वर्षभरात त्याने पुन्हा कोणत्याही प्रश्नास हात वर केला नाही. सातवी होऊन तो गेला. माझ्या त्या वाक्यामुळे गेला असे म्हणणे म्हणजे माझेच महत्त्व वाढविणे होईल. घरच्या गरिबीने तो गेला. पण हात खाली आला तो माझ्यामुळे, हे मला तेव्हाही दिसत होते.

आता या प्रकरणातील माझी विद्वत्ता पाहा. बाणाच्या कादंबरीचे कथानक आले कोठून? ते गुणाढ्याच्या बृहत्कथेतून आलेले. ही बृहत्कथा पैशाची नावाच्या भाषेत होती, म्हणजे पंडितांच्या लेखी हलक्या लोकांच्या बोलीत. तिची मूळ प्रत आज जगात कोठेही नाही. संस्कृतात उतरविलेल्या कथासरित्सागरादी ग्रंथांवरूनच ती आपणास ठाऊक आहे. त्या कथासरित्सागरात दंतकथा अशी की, गुणाढ्याने सात लक्ष श्लोकांची ती कथा सातवाहन राजाकडे, म्हणजे आमच्या शेजारच्या पैठणास, पाठविली. भाषा हलकी म्हणून राजाने ती तुच्छतेने परत केली. तेव्हा कवी रानात अग्नी पेटवून बसला आणि एकेक पान मोठ्याने वाचून अग्नीत टाकू लागला. वनातील पशुपक्षी चारापाणी सोडून भोवती उभे राहिले आणि अश्रू ढाळीत ऐकू लागले. राजाला हे कळून तो तेथे आला, तोवर सहा लक्ष श्लोक जळून गेले होते. एक लक्ष उरले.

ही कथा मी दरवर्षी सातवीच्या मुलांना रंगवून सांगत असे. राजाचा मूर्खपणा सांगताना माझा आवाज चढे. त्या वर्षीही सांगितली असेल. कादंबरीच्या कुळाचा मूळपुरुष हा असाच कोणी तरी रानातील गोष्ट सांगणारा होता, आणि त्याच कुळातील एक मूल पायावर धूळ घेऊन माझ्यापुढे उभे होते. मी त्याला त्याच्याच घरातून, संस्कृत शब्दाचा कागद दाखवून, बाहेर काढले. तो कागदही माझा नव्हता. इंग्रजी शब्दासाठी कोणी तरी उसना घेतलेला होता. उसनवारी मोठी लाजिरवाणी गोष्ट नाही. पण उसनी वस्तू वडिलोपार्जित समजून तिच्या जोरावर दुसऱ्याचा मालकीहक्क नाकारावा, हे मात्र लाजिरवाणे आहे. यी ग्वांग-सूने निदान उघड सांगितले की, हा शब्द भाषांतर आहे. मी सांगितले नाही, कारण मला ते ठाऊकच नव्हते. आणि ठाऊक करून घेण्याची गरज मला चाळीस वर्षांत वाटली नव्हती.

तुळशीच्या लग्नानंतर मी त्याची चौकशी केली. तो आता पन्नाशी ओलांडलेला, गावापासून दोन कोसांवर राहतो. मेंढरे थोडी आणि शेती थोडी आहे, मुलगा पुण्यास नोकरीस आहे. नात आणि मी रिक्षाने गेलो. त्याने मला लांबूनच ओळखले, पाया पडला, खाटेवर घोंगडी अंथरली, चहा सांगितला. मी मनाशी वाक्य जुळवीत गेलो होतो, ते सगळे विसरलो आणि एकदम म्हणालो, "तुझे एक उत्तर मी चुकीने खोडले होते. ते बरोबर होते. ते सांगावयास आलो."

तो घोंगडीची दशी बोटाला गुंडाळीत राहिला. मग म्हणाला, "आता ते कशाला काढता गुरुजी? लई वर्सं झाली."

"तुला आठवते?"

"पोरं हसली व्हती, तेवढं आठवतं."

थोडा वेळ कोणी बोलेना. मी त्याच्या आजीची चौकशी केली. ती जाऊन तीस वर्षे झाली. त्या गोष्टी आणखी कोणाला येतात काय, असे नातीने विचारले, तेव्हा तो म्हणाला, "म्हातारीसंगं गेल्या. बाला थोड्या येत व्हत्या, पन त्यालाबी मागनं इसार पडला." आणि मग माझ्याकडे न पाहता, रागाने मुळीच नव्हे, अगदी सहज म्हणाला, "गुरुजी, तवा तुमी म्हनला असता ना, की जा, ती गोष्ट लिहून आन, तर म्या आनली असती. मला लिहायचा नाद व्हता."

माझ्या साऱ्या आयुष्यात मला मिळालेला हा सर्वांत कडक शेरा आहे. त्यात उद्गारचिन्ह नव्हते.

चहा झाला. निघताना तो म्हणाला, पहिल्या रात्रीचे काही काही त्याच्या ध्यानात आहे, शेवट नाही. मी खिशातून पेन काढले. ते लाल निघाले. नातीने आपले निळे दिले.

तेव्हापासून आम्ही चार वेळा गेलो. तो सांगतो, नात आवाज उतरवून घेते आणि मी वहीत लिहितो. अकरा पाने झाली आहेत. राजा सापडला, त्याच्या पोटातून निघणारी दुसरी गोष्टही अर्धीमुर्धी सापडली. तिसऱ्या रात्रीचे काहीच नाही आणि ते आता कोणाकडून मिळेल असे दिसत नाही. त्याच्या बोलण्यातील कित्येक शब्द मला येत नाहीत. मेंढराच्या वयाला, पावसाच्या जातीला, रानातल्या वाटेला त्याच्याकडे जे शब्द आहेत, ते माझ्या अमरकोशातही नाहीत. प्रथम मी सवयीने त्यांच्या जागी शुद्ध शब्द घालू लागलो. नातीने हात धरला आणि म्हणाली, "आजोबा, तुम्ही भाषांतर करता आहात." मी ते पान फाडले आणि पुन्हा त्याच्याच शब्दांत लिहिले. आता पानाच्या डाव्या बाजूस त्याचे शब्द आणि उजव्या बाजूस, त्यालाच विचारून, त्यांचे अर्थ लिहितो. मुळात नाही ते लिहीत नाही.

नातीचा कोरियन निबंध पुरा झाला. तिने त्यात आपल्या कादंबरी शब्दाची हकीकत घातली आहे आणि कोरियन वाचकांसाठी तो शब्द भाषांतर न करता तसाच ठेवला आहे.

आपल्यासारख्या घरांतून पुस्तकांची कपाटे असतात, त्याचा आपण अभिमान धरतो आणि तो धरावा. पण त्या कपाटातील शब्द कोठून कोठे फिरून आपल्यापर्यंत आले, याची चौकशी घरातील मुले करतील, तेव्हा 'आपले परंपरेने आलेले' असे म्हणून त्यांना गप्प बसवू नये. आणि आपल्या अंगणात कामास, निरोपास, दूधभाकरीस जे कोणी येते, त्याच्या घरी रात्री कोणती गोष्ट सांगतात, हे एकदा विचारावे. माझ्यापुरते मी ते चाळीस वर्षे उशिराने विचारले. उत्तरपत्रिका आता सापडणे शक्य नाही. शाळेने ती केव्हाच रद्दीत घातली असेल. नाही तर शून्य खोडून दोन गुण लिहिले असते, आणि खाली माझी सही केली असती.